तिलाही कूस बदलून द्या

रुंद खाट तळमजल्यावर होती आणि ती वर न्यायची होती. काम एवढंच. दोन माणसं पाठवली असती तरी भागलं असतं. पण थोरल्या सिस्टर स्वतः खाली गेल्या. दवाखान्यात रुंद खाट एकच होती, आणि एकच असलेली वस्तू दुसऱ्याच्या भरवशावर सोडायची त्यांची रीत नव्हती. वॉर्डातली माणसं त्यांना पाठीमागे हवालदार म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

ही खाट साधी नव्हे. दोन माणसं शेजारी निजतील एवढी रुंद, खालचे दांडे जाडजूड, वर हवेची गादी. पायथ्याशी एक लहानशी काच होती, तिच्यात आकडे उमटत. माणूस खाटेवर निजला की त्याचं वजन तिथं दिसे. ज्याला काट्यावर उभं करता येत नाही त्याला औषध किती टोचायचं, ते त्या आकड्यावरून ठरे. शेजारीच एक कळ होती. खाट रिकामी असताना ती दाबायची, म्हणजे आकडा शून्यावर येतो. वाण्याच्या दुकानात हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. वाणी आधी रिकामा डबा काट्यावर ठेवतो, काटा शून्यावर आणतो, मग डब्यात तेल ओततो. आणि मागाहून तो डबाच उचलला, तर काटा शून्याच्याही खाली जातो. एवढं ध्यानात असू द्या. पुढे लागेल.

त्या सकाळी वळणावर एक जीप उलटली होती. तीत मायलेकी होत्या. दोघी अंगाने भारी. घराण्याचीच ठेवण तशी. लेक वाचली. तिच्या कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, बरगड्या गेल्या होत्या, मानेला मार होता. वरच्या वॉर्डात दोन अरुंद खाटा एकीला एक बांधून तिला कशीबशी निजवली होती. मधल्या फटीत तिची पाठ रुतत होती. आईला रुंद खाट मिळाली होती, पण ती खाट तिच्या फारशी कामी आली नाही.

सिस्टर दारातून आत गेल्या तेव्हा आई अजून खाटेवरच होती. वरून चादर घातलेली, पायथ्याशी पार जमिनीपर्यंत लोंबणारी. भोवती चार-पाच माणसं हात कमरेवर ठेवून उभी. शवागारात न्यायची गाडी अरुंद, आणि कुणी हात लावायला धजत नव्हतं.

"क्रेन बोलवा की," एक जण म्हणाला. दुसरा हसला.

"तुझी आई असती तर बोलावली असतीस?" सिस्टरांनी विचारलं.

हसणारा भिंतीकडे बघू लागला.

त्यांनी दोन गाड्या शेजारी लावून घट्ट बांधायला लावल्या. तोवर स्वतः पाण्यात फडकं भिजवून बाईचा चेहरा पुसला. केसांत काचेचे बारीक कण होते. उजवी मूठ आवळलेली होती. तीत कापडाचा तुकडा होता, फुलाफुलांचा, बाहीचा असावा. सिस्टरांनी तो सोडवून पाहिला. सुटेना. त्यांनी मूठ तशीच चादरीखाली सरकवली आणि ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

बाईला हलवलं, चादर बदलली, खाट पुसली. काचेत शून्य होतं.

"शून्य केलीस का?" त्यांनी पैलवानाला विचारलं. पैलवान म्हणजे वॉर्डातला उचलाउचलीचा माणूस. नाव शोभणारे दंड, आणि बोलायला भिडस्त.

"केलीय, सिस्टर."

"निज तिच्यावर."

"मी?"

"आकडा बरोबर येतो का ते बघायचं आहे. लाजायला नवरी आहेस का?"

तो निजला. आकडा आला तो त्याचाच होता. सिस्टर 'बरं' म्हणाल्या आणि खाट वर नेली.

बाप दुपारी आला. शिंपी होता. सुईसारखा सरळ आणि सुईसारखाच बारीक. त्याच्या शर्टाच्या कॉलरला अजून दोऱ्याचा तुकडा चिकटलेला होता. बातमी ऐकून तो बराच वेळ जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. रडला नाही. मग सिस्टरांसमोर येऊन म्हणाला, "तिला सांगू नका."

"मी खोटं बोलत नाही," सिस्टर म्हणाल्या.

"मग गप्प राहा. तिची हाडं जुळू द्या. आईवाचून ती पाणी प्यायची नाही, सिस्टर. दोघींचं एक होतं. लोक मला हसायचे, गाठोड्याला दोरा लावलाय म्हणायचे. हसू दे. मी त्या दोघींच्या सावलीला बसून शिवायचो."

"गप्प राहीन," सिस्टर म्हणाल्या. शब्द दिला तो दिला.

हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. कमरेच्या हाडात बाहेरून सळया बसल्या. पुढचं काम नर्सांचं.

बारीक माणसाचं मोडलेलं हाड वेगळं आणि जड माणसाचं वेगळं. हिच्या मानेला दवाखान्यातला एकही पट्टा बसेना. सिस्टरांनी दोन चादरींच्या घट्ट वळकट्या करून मानेच्या दोन्ही बाजूंना लावल्या. उताणी ठेवली की पोटाचा भार छातीवर येई आणि श्वास कोंडे, म्हणून खाट डोक्याकडून उंच. घड्यांमधली कातडी ओली राहिली की सडते, म्हणून प्रत्येक घडी उघडून पुसायची, कोरडी करायची, मऊ फडकं घालून ठेवायची. नळीची गुंडाळी अंगाखाली राहिली तर तिचा वण कातडीत उतरतो आणि पेशंटला पत्ताही लागत नाही, म्हणून हात घालून चाचपायचं. लाज दोन्हीकडून वाटते. सिस्टर ती वाटू देत नसत. भांडी घासावीत तशा त्या ठाम हाताने काम करत आणि चेहरा कोराच ठेवत. कुणी नवखी पोरगी नाक मुरडताना दिसली तर तिला आठवडाभर सामान मोजायला बसवत.

आणि कूस बदलणं. ते सगळ्यांत महत्त्वाचं. एका अंगावर फार वेळ राहिलं की पाठ लागते, कातडी काळी पडते, मग फाटते. असल्या पेशंटला ओंडक्यासारखं एका दमात वळवावं लागतं. मान, खांदे, कंबर, पाय, सगळं एकत्र. सिस्टर डोक्याशी उभ्या राहून मान धरत. त्याच मोजत. त्यांनी तीन म्हटल्याशिवाय कुणी बोट हलवायचं नाही. बाकीचे सगळे एका बाजूला, आणि एक जण पलीकडे पाठ पुसायला.

"मला वळवायला किती माणसं लागतात हो?" लेकीने एकदा विचारलं.

"लागतात तेवढी."

"लग्नाला एवढी आली नसती."

वॉर्डातल्या मावशी खो-खो हसल्या. साफसफाई आणि पुसापुशी त्यांच्याकडे. जिभेला हाड नाही, पण हात सोन्याचे. सिस्टर हसल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी तिचे केस स्वतः विंचरले.

दवाखान्याचा झगा हिच्या एका दंडात अडकायचा. बापाने दोन झगे उसवून एक केला, पाठीमागे बंद लावले, म्हणजे न उठवता घालता-काढता येईल. शिलाई अशी की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. लेक त्याच्याच दुकानात काजं करायची, बटणं लावायची. आई शेजारी. झगा पाहून ती म्हणाली, "अप्पा, काजं कुणी केली? वाकडी आहेत."

"मीच केली."

"आईला द्यायची होतीत. बसल्या बसल्या केली असती तिने."

बाप खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधू लागला. पिशवी रिकामी होती.

मावशींनी परस्पर सांगून टाकलं होतं की आई वरच्या मजल्यावर आहे, तिचेही पाय प्लास्टरात आहेत, म्हणून येता येत नाही. लेक ते ऐकून घ्यायची. पण विचारायची मात्र सिस्टरांनाच.

"जीप उलटली ना, तेव्हा आई माझ्या अंगावर पडली. म्हणजे पडली नाही. आली. छत खाली येत होतं आणि ती मधे आली. तिच्या पाठीवर सगळं आलं. मग किती वेळ ती तशीच होती. मी म्हणत होते ऊठ, मला श्वास घेता येत नाही." ती थांबली. "सिस्टर, ती उठली का?"

सिस्टरांनी चादरीची सुरकुती काढली.

"मला अजून जड वाटतं. डाव्या अंगाला. छातीवर."

"बरगड्या मोडल्या आहेत. वाटायचंच."

असे दिवस गेले. मग एका दुपारी वेगळंच घडलं.

जेवणं झाली होती. वॉर्डात पडदे ओढलेले, ऊन पडद्यातून पिवळं होऊन जमिनीवर पडलेलं. त्या वेळी वॉर्डाला एक वास येतो, औषधाचा, उकडलेल्या कपड्यांचा आणि झोपेचा. कुणी घोरत होतं. लेकीला उजव्या कुशीवर वळवून, पाठीशी उशा देऊन सगळे पांगले होते. मावशी पलीकडची बाजू पुसायला गेल्या आणि तशाच परत आल्या. हातातलं फडकं कोरडंच.

"सिस्टर, जरा येता का?"

"काय झालं?"

"या तर खरं."

लेकीच्या पाठीमागे खाट मोकळी होती. रुंद खाट, दीड हाताची जागा उरलेली. आणि त्या मोकळ्या जागेत हवेची गादी खाली बसली होती. खांद्याशी खोल, कमरेशी खोल, टाचांशी लहान दोन खळगे. कुणी उताणं निजून आत्ताच उठावं तशी. उठल्यावर गादी पुन्हा फुगून वर येते. ही येत नव्हती.

सिस्टरांनी हात ठेवला. चादर कोमट होती.

"हवा गेली असेल," त्या म्हणाल्या.

"हो. हवाच असेल," मावशी म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी ती बाजू पुसायचं टाळलं. अखंड बोलणाऱ्या बाई, पण याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. सिस्टरांना त्याचीच भीती वाटली.

यंत्रवाला बोलावला. त्याने गादी तपासली. भोक नाही, गळती नाही. त्याने वर लेकीकडे एक नजर टाकली आणि हलकेच म्हणाला, "वजन जास्त आहे ना, म्हणून."

"ती या बाजूला आहे," सिस्टर म्हणाल्या. "खळगा त्या बाजूला आहे."

त्याने खांदे उडवले आणि आपली पेटी उचलली.

मग लेकीचा श्वास बिघडला. आधी थोडा, मग जास्त. ओठ निळसर. हाडांचे डॉक्टर आले, छाती ऐकली, पाय दाबून पाहिले. असा पेशंट फार दिवस पडून राहिला की पायात रक्ताची गाठ धरते आणि ती छातीत जाऊन बसते. त्यासाठी रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन रोज चालूच होतं. कमी पडलं तर गाठ. जास्त झालं तर कमरेतून आतल्या आत रक्तस्राव. दोन्हीकडे विहीर.

"मात्रा वजनावर दिलीय आपण," डॉक्टर म्हणाले. "वजन नक्की ना?"

"खाटेवर रोज बघते," सिस्टर म्हणाल्या. "एकशे एक्कावन्न."

"खाट बरोबर असेल तर माझं औषध बरोबर आहे. पुन्हा एकदा खात्री करा. मी ऑपरेशनमधून आलो की ठरवू."

डॉक्टर गेले. पैलवान कोपऱ्यात उभा होता. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"सिस्टर... एक चूक झालीय माझ्याकडून."

"बोल."

"त्या दिवशी तुमच्या आधी मी खाली गेलो होतो. वरून फोन आला की खाट शून्यावर आणून तयार ठेवा. मी कळ दाबली."

"मग?"

"तेव्हा ती बाई खाटेवरच होती. मला वाटलं, गेली म्हणजे खाट रिकामी. डोक्यातच आलं नाही. काचेत एकशे बेचाळीस होते, ते शून्य झाले. मी वरून चादर घातली."

सिस्टर खुर्चीवर बसल्या. पेशंटसमोर बसायची त्यांना सवय नव्हती.

हिशेब त्यांना लगेच उमगला. डबा काट्यावर असताना काटा शून्यावर आणला. मग डबा उचलला. म्हणजे काटा शून्याच्या खाली जायला हवा होता. रिकाम्या खाटेवर शून्य कसं राहिलं? आणि राहिलं असेल तर हे रोजचे एकशे एक्कावन्न कुणाचे? लेकीचे की यंत्राच्या मनाचे? या आकड्यावर त्या रोज सुई टोचत होत्या.

"पाळणा आण," त्या म्हणाल्या.

पाळणा म्हणजे जड पेशंटला उचलायचं यंत्र. लोखंडी हात, खाली जाड कापडाची झोळी. त्याला त्याचा स्वतःचा काटा होता. खाटेशी त्याचा संबंध नाही.

लेकीच्या अंगाखाली झोळी सरकवली. पाय मावशींनी धरले, सळयांना धक्का लागू नये म्हणून. पैलवानाने दांडा फिरवला. ती हळूहळू वर गेली. झोळीत बाळासारखी. लाजली आणि म्हणाली, "आता अंगाई म्हणा."

सिस्टरांनी पाळण्याचा काटा पाहिला. एकशे एक्कावन्न.

औषध बरोबर होतं. पोर चुकीच्या सुईने मरणार नव्हती.

मग त्यांनी खाटेच्या पायथ्याशी पाहिलं. काचेत शून्य.

खाटेवर आता कुणी नव्हतं. आणि गादी डावीकडे बसलेलीच होती. खांद्याशी, कमरेशी, टाचांशी.

"सिस्टर," पैलवान अगदी हळू म्हणाला, "खाली जायला हवा होता ना आकडा? बाईला तर आपण उचललं होतं..."

"उचललं होतं," सिस्टर म्हणाल्या.

वरून लेक खाटेकडे पाहत होती. इतके दिवस ती त्या खाटेवर होती, पण तिला ती वरून कधी दिसली नव्हती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. भीती आली नाही. ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तसं काहीतरी आलं.

"तुम्ही सगळे म्हणालात, वरच्या मजल्यावर आहे."

"मी नाही म्हणाले," सिस्टर म्हणाल्या.

"नाही. तुम्ही गप्प होतात." ती पाहतच राहिली. "ती तर इथंच आहे. अजून माझी बाही धरून आहे."

सिस्टरांना चादरीखालची ती आवळलेली मूठ आठवली. ती मूठ त्यांच्याशिवाय कुणी पाहिली नव्हती.

"सिस्टर... मला तुम्ही दिवसातून किती वेळा वळवता. पावडर नको, ओलं नको, सुरकुती नको. आणि तिला त्या दिवसापासून उताणीच ठेवलीय. तिची पाठ आधीच फुटलेली आहे हो." तिचा आवाज फाटला. "तिलाही कूस बदलून द्या."

दारात बाप उभा होता. हातात इस्त्री केलेला झगा. तो केव्हा आला होता कुणास ठाऊक. त्याने खाटेकडे पाहिलं. चाळीस वर्षं शेजारी निजलेलं माणूस गादीत कसा खळगा पाडतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. झगा त्याच्या हातातून खाली पडला.

सिस्टर पुढे झाल्या. त्यांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता आणि नंतरही बसला नाही. पण त्यांच्या सबंध नोकरीत त्यांच्या वॉर्डातल्या माणसाची कूस कधी चुकली नव्हती. खाटेवर आहे तो पेशंट. त्या डोक्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

"पैलवान, खांद्याला. मावशी, कमरेला."

"कुणाच्या, सिस्टर?"

"हात ठेव."

त्यांनी हात ठेवले. सिस्टरांनी मोकळ्या उशीवर दोन्ही तळवे मान धरावी तसे धरले. तळव्यांना ऊब लागली. आणि भार.

"वळवतो आहोत हं बाई," त्या म्हणाल्या. प्रत्येकाला म्हणत तसंच. "एक. दोन. तीन."

पैलवानाच्या दंडाच्या शिरा फुगल्या. त्याचे पाय फरशीवर घसरले. मावशींनी दात आवळले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण हात सुटले नाहीत. रिकाम्या खाटेवर तिघं जण ओझ्याशी झुंजत होती. गादी हळूहळू सरकत दुसऱ्या बाजूला दबली. त्याच वेळी, कुणाचं तरी फार दिवस अवघडलेलं अंग मोकळं व्हावं तसा एक लांब सुस्कारा ऐकू आला. लेकीचा असेल. सगळे तसंच धरून चालले.

"पाठ पुसा," सिस्टर बापाला म्हणाल्या.

बापाने फडकं घेतलं. वाकला. हवेत, जिथं पाठ असायला हवी तिथं, त्याने ते हलक्या हाताने वरून खाली फिरवलं. मग फडकं उलटून पाहिलं. पांढऱ्या कापडावर काचेचे बारीक कण चमकत होते.

मग वर लेकीकडे पाहून तो म्हणाला, "पोरी, तुझी आई त्याच दिवशी गेली."

"कळलं मला, अप्पा. आत्ता कळलं," ती झोळीतून म्हणाली. "पण तिला कुणी सांगितलंय का?"

मग बापच खाली बसला. खाटेच्या कडेला तोंड नेऊन, घरात दिवे मालवल्यावर बोलावं तशा आवाजात बोलला.

"अगं, ऐकलंस का? पोर वाचली. हाडं जुळत आलीत. आता सोड तिची बाही. तुझं काम झालं..." त्याने हात पुढे केला. "ऊठ. चल माझ्याबरोबर. आपण घरी जाऊ."

तिघांचे हात एकदम हलके झाले. पैलवान तोल जाऊन खाटेवर कोसळता कोसळता राहिला. गादी फुस्स करून वर आली, सपाट झाली. पायथ्याच्या काचेत आकडा हलला. शून्याच्या खाली गेला, सरसर घसरला आणि थांबला. उणे एकशे बेचाळीस.

वर झोळीत लेकीने खोल श्वास घेतला. पहिल्यांदाच पुरा. तिच्या ओठांचा निळेपणा त्यांच्या डोळ्यांदेखत उतरत गेला. मग ती रडली. पुष्कळ रडली. सिस्टरांनी तिला रडू दिलं आणि मान हलू नये म्हणून धरून ठेवली.

डॉक्टर आले तेव्हा त्यांना छातीत काही सापडलं नाही. मात्रा आहे तीच ठेवली. सिस्टरांनी खाटेवर या कडेपासून त्या कडेपर्यंत हात फिरवून पाहिला आणि शून्याची कळ स्वतः दाबली. पैलवानाला त्या एवढंच म्हणाल्या, "रिकामी म्हणजे काय, ते आधी हात लावून बघत जा."

लेक उभी राहिली. मग चालली. काठ्यांचा चौकोनी आधार घेऊन, एकेक पाऊल. घरी गेली त्या दिवशी सबंध वॉर्ड दारात उभा होता. "बघा, लग्नाला यायचं," ती मावशींना म्हणाली.

पुढे बऱ्याच महिन्यांनी ती तपासणीला आली. सिस्टरांनी ओळखलीच नाही. अंग निम्म्यावर आलेलं, झगा बापाने दोन्ही बाजूंनी आत घेतलेला. काजं सरळ होती. बाहेरच्या खोलीत जुना काटा होता, मोठ्या तबकडीचा, एकशे साठपर्यंत आकडे असलेला. ती त्यावर उभी राहिली, स्वतःच आकडा मोठ्याने वाचला आणि खुशीत उतरली.

बाप भिंतीशी उभा होता. सुईसारखा सरळ माणूस. आता डावा खांदा खाली गेला होता आणि पाठीला पोक आलं होतं. चार पायऱ्या चढून आल्याचा दम अजून ओसरला नव्हता.

"अप्पा, तुम्हीही उभे राहा," लेक म्हणाली. "बघा सिस्टर, किती वाळलेत. रागवा जरा. ताटं दोन वाढून घेतात आणि जेवतात एकातलंच."

"मला नको," बाप म्हणाला.

"उभे राहा हो. काटा काय चावतो?"

तेवढ्यात मावशींनी तिला पलीकडून हाक मारली आणि ती आधार टेकत, बडबडत तिकडे गेली. बाप काट्यासमोर उभा राहिला. सिस्टरांकडे एकदा पाहिलं. मग चढला.

काटा सुटला तो तबकडीच्या शेवटापर्यंत गेला, आणि एकशे साठच्या पुढच्या खिळ्याला आपटून तिथंच थरथरत राहिला.

पलीकडे लेक हसत होती, तिचा आवाज येत होता.

"तिला सांगू नका," बाप म्हणाला.

"मी खोटं बोलत नाही."

"मग गप्प राहा." तो किंचित हसला. हसताना फार दमलेला दिसला. "मीच म्हटलं होतं ना तिला, चल घरी म्हणून. तिला दुसरं कोण आहे?"

तो काट्यावरून खाली उतरला. काटा मागे आला, पण शून्यावर आला नाही. एकशे बेचाळीसवर येऊन थांबला. बाप वळला. रिकाम्या काट्यासमोर त्याने हात पुढे केला, तळवा वर करून, आणि धीराने वाट बघत उभा राहिला. मग काटा सावकाश, एकेक आकडा करत, शून्याकडे उतरू लागला.